अहवाल कोणाला सांगावा?

"तिला विचार, पाणी चालेल का!"

बाबांनी हे धाकट्याला सांगितलं. आणि जिला विचारायचं ती त्यांच्यापासून दोन हातांवर, स्वयंपाकघराच्या दारात, उद्याच्या तपासणीच्या सूचनांचा कागद हातात धरून उभी होती.

धाकट्याने मान वळवली. "ताई, बाबा विचारतायत, पाणी चालेल का."

"चालेल म्हणावं, थोडं थोडं. पण सकाळी चहा नाही, बिस्किट नाही. पोट रिकामं हवं."

"बाबा, पाणी चालेल, पण चहा..."

"ऐकू येतं मला! बहिरा नाही झालो अजून."

"मग सरळ तिच्याशीच बोला ना! मी काय टेलिफोनचा खांब आहे का तुम्हा दोघांच्या मधला?"

एरवी या घरात अशा वाक्यावर हशा पिकला असता. पण हसण्याची सुरुवात करणारं माणूस सहा वर्षांपूर्वीच निघून गेलं होतं, आणि आधी कोणी हसायचं हे तेव्हापासून ठरतच नव्हतं... तिने कागद ओट्यावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर पेला ठेवला, आणि आली तशी निघाली. जिन्यावरून उतरताना तिला बाबांचा आवाज आला. ते धाकट्याला म्हणत होते, "येतो मी तुझ्यासाठी. पण ती काय सांगेल ते मी मानणार नाही, आधीच सांगून ठेवतो. तिच्या तोंडच्या शब्दावर मी अंगाला सुईसुद्धा लावून घेणार नाही!"

जिन्याच्या कठड्याला धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. राग तिला सवयीचा होता. पण बाबांच्या यकृतात दिसलेला डाग रुसवा ओळखत नाही, थांबत नाही... तो वेळीच धरला तर माणूस वाचतं, आणि बाबा ऐकणारच नसतील, तर तो वेळीच दिसून तरी काय उपयोग?

बाबांनी बेचाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. घरात आलेली वस्तू आधी उघडायची आणि मग वापरायची, हा त्यांचा खाक्या. गजराचं घड्याळ, इस्त्री, शेजारच्या आजोबांचं कानाचं यंत्र... एकदा तर दवाखान्यात रक्तदाब मोजायला गेले आणि डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत यंत्राचा फुगा सोडवून बसले. बसच्या कंडक्टरला विचारतील, तिकिटाचा कागद आतून कापतं कोण? आंधळ्या भिकाऱ्याला विचारतील, नाणं हाताला लागल्याबरोबर कसं ओळखतोस? "तुमच्या बाबांना देवानं जीभ दिली नाही, प्रश्नचिन्ह दिलंय," असं आई म्हणायची. आणि अशा माणसाने पोटच्या मुलीला सहा वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता!

कारण तिच्या व्यवसायातच दडलेलं होतं. ती रुग्णालयात सीटी स्कॅनच्या मशिनीवर काम करायची. काचेपलीकडे रुग्ण आडवा होतो, अलीकडे पडद्यावर त्याचं आतलं सगळं उलगडत जातं, आणि पडद्यावर काय दिसलं याची रेषसुद्धा चेहऱ्यावर उमटू द्यायची नाही, हा या कामाचा पहिला धडा. सांगायचं डॉक्टरांनी. तंत्रज्ञाने फक्त म्हणायचं, झालं, सावकाश उठा.

सहा वर्षांपूर्वी त्याच टेबलावर आई झोपली होती. पडद्यावर तिचं यकृत उमटलं, आणि त्यात एक नाही, दोन नाही, सात गाठी... मोठ्या रक्तवाहिनीतही ती वाढ शिरलेली. मुलीने चेहरा सरळ ठेवला आणि म्हणाली, "झालं आई, सावकाश ऊठ." पण आई आई होती! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून सगळं ऐकून घेतल्यावर तिने मुलीचे दोन्ही हात धरले आणि दोन वचनं मागितली. एक, यांना सांगायचं नाही. दुसरं, मी गेल्यावर हे माझं सांगणं होतं असंही सांगायचं नाही. मुलीने मान हलवली. काय काय पणाला लागतंय, हे तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं!

दोन महिन्यांनी आईचे डोळे पिवळे झाले. बाबांना माहीत असणार असं धरून एका डॉक्टरने कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. नवव्या दिवशी आई गेली. घरातली माणसं पांगल्यावर बाबांनी विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?" तिने तारीख सांगितली.

"दोन महिने माझ्या ताटाला ताट लावून जेवलीस! कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही. माझ्याच मनाने."

तिने बाबांशी केलेला खोटेपणा तेवढाच. पण तो पुरला.

पुढे एक गोष्ट मात्र तिला स्वस्थ बसू देईना. आईच्या रक्तात काविळीचा विषाणू सापडला होता, वर्षानुवर्षं दडून बसलेला. त्यानेच यकृत पोखरलं होतं. घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासायला हवं होतं. धाकट्याने तपासलं, तिने तपासलं. बाबांच्या दुकानात ती तीनदा चिठ्ठी ठेवून आली, आणि तिन्ही चिठ्ठ्यांनी बाबांनी हाताचं तेल पुसलं. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासावंच लागलं, तेव्हा तो पाहुणा तिथेही निघाला. सोनोग्राफीत यकृत खडबडीत दिसलं, आणि उजव्या बाजूला एक डाग... तो कसला, हे ठरायचं होतं स्कॅनवर.

"तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला लावू का?" असं रेडिओलॉजीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं.

"नको मॅडम. त्यांना श्वास रोखायला लावायचं आहे. ते माझंही ऐकायचे नाहीत, पण दुसऱ्या कोणाला तर ते आधी मशीन उघडायला सांगतील."

सकाळी धाकटा बाबांना घेऊन आला. प्रतीक्षेच्या खोलीत तिने दोन पानी फॉर्म पुढे केला. तो धाकट्याने घेतला आणि त्याच्या हातून बाबांनी घेतला. बाबा हातात आलेला प्रत्येक कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत, औषधाच्या बाटलीवरचा कारखान्याचा पत्तासुद्धा सोडत नसत. चष्मा नाकावर ओढून त्यांनी एकेक प्रश्न निकालात काढायला घेतला. दमा? नाही. मूत्रपिंडाचा विकार? नाही. शरीरात धातूची वस्तू?

"तिला विचार, करंगळीत सुईचं टोक आहे, पंचवीस वर्षांपूर्वी मोडलेलं. ते धरायचं का?"

"ताई, सुईचं टोक..."

"धरा म्हणावं."

बाबांनी मोठ्या अभिमानाने सुईचं टोक लिहिलं. पान उलटलं. आणि अकराव्या प्रश्नावर पेन थांबलं.

तपासणीचा अहवाल कोणाला सांगावा? फक्त मला. मला व माझ्या नातेवाइकांना. फक्त पुढील व्यक्तीला. आणि त्याखाली एक रिकामी ओळ: अहवाल कोणाला कळू नये अशी इच्छा असल्यास येथे लिहावे.

बाबांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांची नजर पानाच्या तळाशी गेली, जिथे मुंगीएवढ्या अक्षरात छपाईचा महिना आणि वर्ष होतं, आणि जिथे इतक्या वर्षांत एकाही रुग्णाची नजर गेली नसेल. त्यांनी ओठ हलवून काहीतरी मोजलं. आणि मान वर केली ती धाकट्याकडे नाही, सरळ तिच्याकडे.

"हा फॉर्म आठ वर्षं हाच आहे?"

निरोप पोचवायला धाकट्याने तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. प्रश्न त्याच्यासाठी नव्हता.

"हो," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याचाच वाटला.

"सगळ्यांना भरावा लागतो?"

"सगळ्यांना. ज्याचा त्याने, सहीनिशी. त्याशिवाय टेबलावर घेत नाही."

"म्हणजे तिनंही भरला असणार."

तिची नजर फॉर्मवर खिळली.

"अकराव्याला तिनं काय लिहिलं?"

"दुसऱ्या पेशंटचा कागद सांगता येत नाही, बाबा."

"दुसरी पेशंट! अगं, बायको होती माझी!"

"तरीसुद्धा."

बाबांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. अडलेल्या मशिनीपुढे बसले की त्यांचे डोळे बारीक व्हायचे, चेहऱ्यावर एक विलक्षण शांतता यायची. तेच डोळे आणि तीच शांतता तिने किती वर्षांनी पाहिली! "तिनं 'नवऱ्याला सांगा' असं लिहिलं असतं, तर तुम्ही मला बोलावलं असतंत," ते हळूहळू, एकेक स्क्रू सोडवत जावं तसं बोलू लागले. "काहीच लिहिलं नसतं, तर तेवढं सांगून तू मोकळी झाली असतीस, त्यात लपवायचं काय होतं? पण तू गप्प आहेस. तिनं ही रिकामी ओळ भरली... आणि तिथे माझं नाव लिहिलं."

"बाबा, काय बोलताय? कोणाचं नाव?" धाकटा कावराबावरा झाला.

"तू मला म्हणालीस, माझ्याच मनाने."

"हो."

"खोटं बोललीस."

काचेपलीकडे टेबल तयार होतं, औषध सिरिंजमध्ये भरलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "फॉर्म पुरा करा आणि बाही वर करा, बाबा. सुई लावायची आहे."

तिच्या शब्दावर सुई लावून घेणार नाही म्हणणाऱ्या बाबांनी राहिलेला फॉर्म खाली मान घालून भरला, सही केली, कागद धाकट्याकडे दिला. आणि मुकाट्याने हात पुढे केला. शीर पहिल्या टोचणीतच सापडली.

टेबल सरकत मशिनीच्या कड्यात गेलं. डोक्यावर हात घेतलेले बाबा आतलं कडं कुतूहलाने न्याहाळत होते. औषध शिरेत शिरताच आतून आरोळी आली, "अगं, सगळं अंग गरम झालं! हे का होतं?"

"मग सांगते! आता बोलू नका. श्वास घ्या... रोखून धरा!"

बाबांनी श्वास रोखला. तिने पडद्याकडे पाहिलं.

पहिल्या फेरीत सगळं यकृत अजून करडंच होतं, पहाटेच्या आभाळासारखं. आणि उजवीकडे, बरगडीच्या आड, एक गोल ठिपका लख्ख पांढरा उजळला. दुसऱ्या फेरीत यकृत उजळलं आणि ठिपका विझला, भोवतालापेक्षा काळा पडला. तिसऱ्या फेरीत त्याच्याभोवती बारीक कड उमटली. शंकेला जागाच उरली नाही! तिने श्वास रोखून वरपासून खालपर्यंत एकेक काप पाहिला. दुसरा ठिपका? नाही. तिसरा? नाही. मोठी रक्तवाहिनी? स्वच्छ. ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली... एकच. एकच होता. अडीच सेंटिमीटरही नाही. कर्करोग दिसला म्हणून डोळे भरावेत की एकच दिसला म्हणून, हे तिचं तिलाच कळेना.

मॅडम आत आल्या. त्यांनी सावकाश चित्रं पाहिली, मापं घेतली, "वेळेत आलेत," म्हणाल्या आणि फॉर्म हातात घेतला. दुसऱ्या पानावर त्या थबकल्या.

"हे तू पाहिलंस?"

तिने पाहिलं नव्हतं. अकराव्या प्रश्नापुढच्या तिन्ही चौकटी बाबांनी रिकाम्या सोडल्या होत्या आणि समासात, तेलाने कायमच्या काळ्या झालेल्या बोटांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मला सांगावा. सगळा सांगावा. माझ्या मुलीने सांगावा.

कागदावरची अक्षरं विरघळली. सहा वर्षं चेहरा सरळ ठेवणारी ती, मॅडमच्या देखत ओंजळीत तोंड लपवून लहान मुलीसारखी रडली.

"नियमाने मीच सांगायला हवं," मॅडम थोड्या वेळाने म्हणाल्या. "मी शेजारी उभी राहते. चुकलीस तर सांगेन. डोळे पूस आणि बोलव त्यांना."

बाबा आले ते खुर्चीवर बसण्याआधीच पडद्यासमोर वाकले. "हे माझं? इतकं मोठं असतं यकृत?"

"बसा आधी. बाबा... हा कर्करोग आहे."

धाकट्याने भिंतीला हात टेकला. बाबा मात्र तिच्याकडेच पाहत राहिले, तिच्या चेहऱ्यावर काही दडलंय का ते शोधत. काही दडलेलं नव्हतं.

"कशावरून? कापून तर पाहिलं नाहीत."

"यकृताला दोन नळांनी रक्त येतं. मोठा नळ आतड्यांकडून, लहान नळ हृदयाकडून. चांगल्या भागाचं बहुतेक रक्त मोठ्या नळाचं. पण ही गाठ लहान नळावर जगते. तुमच्या शिरेत घातलेलं औषध लहान नळातून आधी पोचतं, म्हणून ती आधी उजळते. मग मोठ्या नळातून सगळीकडे औषध येतं, तेव्हा बाकीचं उजळतं आणि ती विझते. यकृत असं खडबडीत झालेलं असलं आणि गाठ अशी वागली, की तुकडा काढून पाहायची बहुधा गरजच पडत नाही."

बाबांनी तिन्ही फेऱ्या पुन्हा दाखवायला लावल्या. उजळला... विझला... कड आली.

"म्हणजे चोरून नळाला जोड घेऊन बसलाय लेकाचा! आणि पाणी आधी त्याच्याकडे येतं म्हणून पकडला गेला."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आलं.

"एकच आहे?"

"एकच. मी दोनदा पाहिलं," ती म्हणाली.

"तिच्या किती होत्या?"

मॅडम खिडकीकडे वळल्या. आता लपवायला उरलं तरी काय होतं! "सात," ती म्हणाली. "आणि रक्तवाहिनीतही कर्करोग शिरला होता. करण्यासारखं थोडंच होतं, बाबा. तुम्हाला सांगितलं असतं तरी ती वाचली नसती. हे मी शपथेवर सांगते."

"ते मला विचारायचं नाही." बाबांचा आवाज फुटला. "ती काय म्हणाली? नेमके तिचे शब्द सांग. सहा वर्षं मी दुसऱ्याच माणसावर रागावलो, आता मूळ तरी ऐकू दे."

तिने ओठ घट्ट मिटले, मग उघडले. "म्हणाली, 'यांना कळलं की हे माझ्याशी बोलायचे नाहीत, माझ्या आजाराशी बोलत बसतील. पुस्तकं आणतील, डॉक्टरांच्या मागे लागतील, मला उघडून बघतील. मला हे दोन महिने नवरा हवाय गं, मेकॅनिक नको.'"

बाबा आधी हसले. खरोखर, मोठ्याने हसले. आणि हसता हसता त्यांचे खांदे हलू लागले, चष्मा मांडीवर पडला, आणि सहा वर्षांपूर्वी रडायचं राहून गेलेलं सगळं एकदम आलं...

"आणि मला म्हणाली," मुलीला आता थांबता येईना, "'मी गेल्यावर ते चिडतील. मेलेल्या माणसावरचा राग जिरत नाही, तो माणसाला आतून खातो. तुझ्यावर चिडू देत. तू जिवंत आहेस, कधी ना कधी उतरेल.'"

"पाच वाजता दुकान बंद करायला लावायची ती मला," बाबा डोळे न पुसताच म्हणाले. "त्या दोन महिन्यांत. म्हणायची, चला, तळ्यापर्यंत जाऊन येऊ. बाकावर बसून काहीबाही बोलायचो. लग्नानंतर इतकं कधी बोललो नव्हतो आम्ही. तू माझ्यापासून लपवलंस म्हणून मला वाटायचं, ते दोन महिने माझ्याकडून कोणी चोरले... अगं, ते तर तिनं मला दिले होते! आणि त्याचं मोल तू भरलंस, पोरी. मी मात्र तुझ्या चिठ्ठ्यांनी तेल पुसलं. त्या वेळी ऐकलं असतं तर हा ठिपका..."

"त्याचं आता काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "तेव्हा मी वचन मोडायला हवं होतं का, हे मलाही अजून समजलेलं नाही, बाबा."

बाबांनी तिचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. धाकटा भिंतीशी उभा राहून दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. शेवटी नाक पुसत तो म्हणाला, "म्हणजे मला आता खांबाच्या नोकरीतून काढलं म्हणायचं!"

मग मॅडमनी खुर्ची ओढली आणि पुढचं सांगितलं. गाठ लहान आहे, एकटी आहे. पोट न कापता, सोनोग्राफीत किंवा याच मशिनीत बघत बघत बाहेरून लांब सुई थेट गाठीत नेतात आणि टोक तापवून गाठ जागच्या जागी जाळतात. यकृताचा मूळचा आजार राहील, औषधं कायमची, दर तीन महिन्यांनी चित्र काढून बघायला हवं. पुन्हा गाठ होऊ शकते, हेही त्यांनी सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही.

बाबा ऐकत होते. खडबडीत यकृत, पुन्हा होऊ शकतं, हे सगळं त्यांच्या कानावरून गेलं की मनात उतरलं, ते तिला कळेना. त्यांचे डोळे मात्र हळूहळू बारीक होत गेले.

"ही सुई," ते मॅडमना सोडून तिच्याकडे वळले, "केवढी असते?"

"वीतभर तरी."

"टोकाला तापते, मग मधे का नाही तापत? वाटेतलं मांस भाजत कसं नाही?"

ती विचारात पडली. रोज पडद्यावर ती सुई पाहणाऱ्या तिच्या मनात हे कधी आलंच नव्हतं.

"मला नाही माहीत, बाबा. विचारून सांगते."

"एकटी कशाला विचारतेस?" बाबांनी मांडीवरचा चष्मा उचलून नाकावर ठेवला आणि तिचा हात न सोडताच उठले. "चल, दोघं मिळून विचारू."